पासपोर्टासोबत येणारा बोजा

नमस्कार,

आम्ही दहाएक वर्षांपासून जर्मनीत, येना शहरात राहतो. नवरा लेन्स बनवणाऱ्या कंपनीत आहे, मी एका बालवाडीत काम करते. आता नागरिकत्वासाठी अर्ज करायचं ठरवलंय. भारताचा पासपोर्ट परत करावा लागणार, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांना मिळतं ते) घ्यावं लागणार, हे सगळं बोलून-रडून झालं. कागद जमवले, परीक्षा पास झालो. आणि नेमका मुलगा आडवा आला.

ईशान पंधरा वर्षांचा आहे, नववीत. मध्यंतरी शाळेनं त्यांना बुखेनवाल्डची छळछावणी दाखवायला नेलं. आल्यापासून तो गप्प होता. मग एकदा जेवताना म्हणाला, "मला हा पासपोर्ट नको. यांची पापं यांनी फेडावीत. आपण इंडियन आहोत, आपले हात स्वच्छ आहेत." अर्जातला एक कागद त्यानं वाचला होता. जर्मनीची ऐतिहासिक जबाबदारी आम्हाला मान्य आहे, असं त्यावर लिहून द्यायचं असतं. नवरा म्हणाला, "फॉर्मॅलिटी आहे रे, सही करायची नि मोकळं व्हायचं." त्यावर तो ताटावरून उठून गेला.

फुटबॉलच्या वेळी नवऱ्यानं हौसेनं बाल्कनीत जर्मन झेंडा लावला, तर ईशानच्या मित्राची आई हसत म्हणाली, "आमच्यात नाही लावत कुणी. ते लोक लावतात." ते लोक म्हणजे कोण ते मला कळलं. त्यात भर सांगलीहून सासऱ्यांची. व्हिडिओ कॉलवर नातवाला म्हणाले, "हिटलर काय कमी देशभक्त होता? कसली शिस्त लावली त्यानं! हे लोक उगाच रडत बसलेत. अभिमान कसा बाळगायचा ते आपल्याकडून शिका म्हणावं." तेव्हापासून ईशान आजोबांशी बोलत नाही.

अशा देशाचा अभिमान बाळगता येतो का? मुलाला काय सांगू? अर्ज पुढे ढकलू का?

– एक आई

(मुलाचं नाव बदललं आहे.)

ताई, नमस्कार.

अर्ज पुढे ढकलू नका, हे आधी सांगते. पण 'फॉर्मॅलिटी' हा शब्द तुमच्या यजमानांनी मागे घ्यावा. तुमच्या घरात तो कागद नीट वाचला तो एकट्या ईशाननं. २७ जून २०२४ पासून तिथला नवा कायदा लागू झाला. त्यानं आठ वर्षांची अट पाचवर आणली, दुहेरी नागरिकत्वाला मुभा दिली (भारत देत नाही, म्हणून तुमचं रडणं), आणि त्याच दमात हे कलम घातलं. नाझी राजवटीच्या अन्यायाची आणि त्याच्या परिणामांची जर्मनीवर असलेली विशेष जबाबदारी, त्यातही ज्यूंच्या जीविताचं रक्षण, राष्ट्रांचं शांततेनं एकत्र नांदणं आणि आक्रमक युद्धाला बंदी, हे सगळं मान्य असल्याचं अर्जदारानं लिहून द्यायचं. परीक्षेत तेहतीसपैकी सतरा उत्तरं बरोबर आली की सुटका होते, इथे तशी होत नाही. सरकारी कागदावर न वाचता सही ठोकायची सवय आपल्या पिढीची. पोरानं सहीला सही मानलं म्हणून तो ताटावरून उठला. मला तर बरं वाटलं वाचून.

त्याचं वाक्य मात्र तपासायला हवं. "आपले हात स्वच्छ आहेत." गंमत अशी, की तो ज्या टेकडीवरून परत आला तिथे हेच वाक्य एका अख्ख्या सरकारनं चाळीस वर्षं म्हटलं. येना, वायमार, बुखेनवाल्ड हा सगळा भाग तेव्हा पूर्व जर्मनीत होता. त्या सरकारचं म्हणणं असं, की आम्ही फॅसिझमशी लढलेल्यांचे वारस, नाझी सगळे पश्चिमेकडे राहिले, आमचा त्या पापाशी संबंध नाही. १९५८ मध्ये त्यांनी बुखेनवाल्डला भव्य स्मारक उभारलं. त्यातले फ्रिट्झ क्रेमर यांनी घडवलेले कैदी ईशाननं पाहिले असतील, ताठ मानेचे. कम्युनिस्ट कैद्यांनी छावणीत केलेला प्रतिकार खरा होता, त्यांचं धैर्यही खरं. पण त्या गोष्टीत ज्यू कडेला गेले, सिंती-रोमा (ज्यांना जिप्सी म्हणत) कडेला गेले, समलिंगी म्हणून डांबलेले तर दिसेनासेच झाले. शिवाय एक गोष्ट पार गाडून टाकली. युद्ध संपल्यावर सोव्हिएत गुप्त पोलिसांनी हीच छावणी १९४५ ते १९५० अशी आणखी पाच वर्षं तुरुंग म्हणून चालवली. सुमारे अठ्ठावीस हजार माणसं तिथे कोंडली होती. त्यांतली सात हजारांहून जास्त भुकेनं आणि आजारानं मेली आणि जवळच्या झाडीत पुरली गेली. भिंत पडेपर्यंत त्याबद्दल उघड बोलायची सोय नव्हती. हात स्वच्छ असल्याचं जाहीर केलं की पुढचं सगळं असं झाकून ठेवावंच लागतं.

पश्चिमेकडचे तरी कुठे धुतल्या तांदळाचे होते! ज्यूंचं नागरिकत्व काढून घेणाऱ्या न्यूरेंबर्ग कायद्यांवर ज्यानं भाष्य लिहिलं, तो हान्स ग्लोब्के १९५३ पासून दहा वर्षं चॅन्सेलर आडेनावर यांच्या कार्यालयाचा प्रमुख होता. फ्रांकफुर्टचे सरकारी वकील फ्रिट्झ बावर यांनी आउशवित्झच्या पहारेकऱ्यांना आणि अधिकाऱ्यांना १९६३ मध्ये कोर्टात उभं केलं, तेही कितीतरी जणांना नको असताना. जर्मन लोक मुळातच पश्चात्तापी आणि आपण तेवढे बेफिकीर, असं काही नाही. आज ईशानला शाळेतून बसमध्ये घालून तिथे नेतात, ते काही हट्टी माणसांनी वर्षानुवर्षं भांडण लावून धरलं म्हणून. हे त्याला सांगा. शाळेच्या सहलीत एवढं सांगायला वेळ नसतो.

आता पापाचं. "यांची पापं यांनी फेडावीत" यातला निम्मा भाग बरोबर आहे, आणि तो खुद्द जर्मनीच्या राष्ट्राध्यक्षांनी मान्य केलेला आहे. ८ मे १९८५ रोजी, युद्ध संपल्याला चाळीस वर्षं झाली तेव्हा, रिशार्ड फॉन वायत्सेकर यांनी संसदेत भाषण केलं. जे तेव्हा लहान होते किंवा जन्मलेही नव्हते, त्यांनी न केलेल्या गुन्ह्याचा दोष अंगावर घ्यावा असं त्यांचं म्हणणं नव्हतं. पण दोषी असो वा नसो, म्हातारा असो वा तरुण, तो भूतकाळ प्रत्येकानं स्वीकारायला हवा, त्याच्या परिणामांना आपण सगळेच बांधील आहोत, असं ते म्हणाले. हे तोंडदेखलं नव्हतं. त्यांचे वडील हिटलरच्या परराष्ट्र खात्यात सर्वांत वरच्या सचिवपदावर होते. १९४९ मध्ये न्यूरेंबर्गला त्यांना शिक्षा झाली आणि त्यांच्या बचावाच्या वकिलांना मदत करणाऱ्यांत हा मुलगा होता.

सासरे सांगलीचे, म्हणजे सातबारा तुम्हाला समजावून सांगायला नको. जमीन नावावर होते तेव्हा 'इतर हक्क' या रकान्यातला बोजाही सोबत येतो. सोसायटीचं कर्ज आजोबांनी काढलेलं असतं, नातवानं त्यातला रुपयाही पाहिलेला नसतो. त्याला कुणी कर्जबुडव्या म्हणत नाही, म्हणूही नये. पण त्याच रानात ऊस लावायचा आणि बोजा माझा नव्हे म्हणायचं, हे चालत नाही. ईशानला मेलेल्यांचा खुनी कुणीही म्हणत नाही. त्या देशाची शाळा, ग्रंथालय, ट्राम तो वापरतो आहे, उद्या तिथे मत देणार आहे, तेव्हा उताऱ्यावर काय लिहिलंय ते माहीत असू दे, एवढंच त्या कागदाचं मागणं आहे. आणि तुम्ही तर वारसही नाही, खरेदीदार आहात. उतारा आधी वाचायचा असतो तो खरेदीदारानंच.

मग मुद्दा उरतो तो असा, की चांगला बिनबोजाचा पासपोर्ट हातात असताना हा का घ्यायचा. इथे मला एका माणसाची गोष्ट सांगायची आहे. हा परिच्छेद ईशानलाच वाचायला द्या.

विली ब्रांट १९३३ मध्ये जर्मनीतून पळाले. एकोणीस वर्षांचे होते, डाव्या चळवळीतले, राहिले असते तर छावणीतच गेले असते. नॉर्वेनं आसरा दिला. १९३८ मध्ये नाझी सरकारनं त्यांचं जर्मन नागरिकत्व काढून घेतलं, पुढे ते नॉर्वेचे नागरिक झाले. युद्ध संपलं तेव्हा त्यांच्याकडे सगळ्या जगात मान असलेला पासपोर्ट होता, हात खरोखर स्वच्छ होते आणि जर्मनी म्हणजे दगडविटांचा ढीग होता. नॉर्वेच्या वतीनं ते बर्लिनला अधिकारी म्हणून काम करत होते. आणि १९४८ मध्ये त्यांनी पुन्हा जर्मन नागरिकत्व मागून घेतलं. कुणी सक्ती केली नव्हती. पुढे निवडणुकांत विरोधक त्यांनाच हिणवायचे, की ती बारा वर्षं तुम्ही बाहेर बसून काय करत होतात? म्हणजे आत राहून जे केलं गेलं त्याची लाज हिणवणाऱ्यांना नव्हती, बाहेर राहिल्याचा जाब मात्र ब्रांटना द्यायचा होता.

चॅन्सेलर झाल्यावर ७ डिसेंबर १९७० रोजी ते वॉर्सात गेले. ज्यू वस्तीतल्या उठावाच्या स्मारकाला पुष्पचक्र वाहिलं, फीत सरळ केली, दोन पावलं मागे सरले आणि ओल्या दगडावर गुडघे टेकून बसले. ठरलेल्या कार्यक्रमात ते नव्हतं. ज्याला टेकायची काहीच गरज नव्हती त्यानं, गरज असून न टेकणाऱ्यांच्या वतीनं गुडघे टेकले. त्यानंतर 'श्पीगेल' साप्ताहिकानं लोकांना विचारलं, तेव्हा अठ्ठेचाळीस टक्के म्हणाले की हे अती झालं, एक्केचाळीस टक्क्यांना योग्य वाटलं. आज तोच फोटो जर्मन पाठ्यपुस्तकात असतो. अशा देशाचा अभिमान बाळगता येतो का, असं तुम्ही विचारलंत. मला विचाराल तर अभिमान धरण्यासारखं जे त्या देशात आहे त्यातलं बरंचसं शरमेची लाज न वाटलेल्या अशा माणसांनी करून ठेवलंय. बाकी गटे, बाख आणि तुमच्या येनाच्या भिंगांबद्दल वाद नाहीच, पण ती भिंगं हिटलरच्या काळातही उत्तमच होती.

एक सावधगिरी. आम्ही किती छान पश्चात्ताप करतो बघा, असा एक नवा ताठा तिथे अधूनमधून दिसतो. नामिबियात १९०४ ते १९०८ दरम्यान जर्मन सैन्यानं हेरेरो आणि नामा लोकांचा संहार केला. तो वंशसंहार होता असं जर्मन सरकारनं मान्य करायला २०२१ उजाडलं. तेव्हा ईशानला कुणी आमचं सगळं फेडून झालं असं सांगितलं, तर त्यानं बिनधास्त हा विषय काढावा.

झेंड्याकडे वळू. तुमच्या यजमानांनी नकळत फार योग्य ठिकाणी झेंडा लावला आहे. काळा, लाल, सोनेरी हे रंग नाझींचे नव्हते. १९३३ मध्ये सत्तेवर येताच त्यांनी तो झेंडा हटवला. तो १८३२ च्या हाम्बाखच्या मेळाव्याचा, १८४८ च्या क्रांतीचा आणि हिटलरच्या आधीच्या वायमार प्रजासत्ताकाचा, म्हणजे राजांकडे संसद आणि स्वातंत्र्य मागणाऱ्यांचा झेंडा. त्याचं मूळ तर तुमच्याच गावात आहे. नेपोलियनविरुद्धच्या युद्धातून परतलेल्या विद्यार्थ्यांनी १२ जून १८१५ रोजी येनातल्या एका खानावळीत जमून संघटना काढली. तिचे रंग हेच. १८१६ मध्ये येनाच्या बायकांनी त्यांना झेंडा भेट दिला, लाल-काळा-लाल पट्टे आणि मधे सोनेरी ओकची फांदी. तो येनाच्या शहर संग्रहालयाकडे जपलेला आहे. ईशानला घेऊन जा. मित्राच्या आईलाही विचारा, तिनंही बहुधा पाहिलेला नसेल.

पण तिथेही लगेच भारावून जाऊ नका. याच विद्यार्थ्यांनी ऑक्टोबर १८१७ मध्ये वार्टबुर्गच्या किल्ल्यावर मेळावा भरवला आणि शेवटी शेकोटी पेटवून नको असलेली पुस्तकं जाळली. खरी पुस्तकं महाग, म्हणून रद्दीच्या गठ्ठ्यांवर नावं लिहून ते गठ्ठे आगीत टाकले. त्यात झाऊल आशर या ज्यू लेखकाचं एक पुस्तक होतं. जर्मनपणाचं वेड कुठे नेईल असा इशारा त्यात दिलेला होता. लोकशाहीचा झेंडा आणि ती शेकोटी एकाच पोरांच्या हातची. सोवळं उगमस्थान शोधायला निघालात तर येनात मिळणार नाही, सांगलीतही मिळणार नाही.

मित्राच्या आईच्या 'ते लोक'बद्दल तुम्ही लिहिलंत त्यामागची भीती मला कळते. १ सप्टेंबर २०२४ ला तुमच्या थुरिंगिया राज्यात एएफडी हा कडवा उजवा पक्ष जवळपास तेहतीस टक्के मतं घेऊन पहिला आला. त्या पक्षाचे तिथले नेते ब्यर्न ह्योके एके काळी इतिहासाचे शिक्षक होते. बर्लिनच्या मध्यावर ज्यूंच्या संहाराचं जे स्मारक आहे, २,७११ काँक्रीटच्या ठोकळ्यांचं, त्याला ते २०१७ मध्ये लाजेचं स्मारक म्हणाले आणि आठवणींचं धोरण उलट फिरवा अशी त्यांनी मागणी केली. त्यांच्याच पक्षाचे गाउलांट यांनी पुढच्या वर्षी हिटलरच्या बारा वर्षांना हजार वर्षांच्या यशस्वी इतिहासातली पक्ष्याची शिट म्हटलं. असला अभिमान म्हणजे बोजा खोडरबरनं पुसलेला उतारा. त्यांच्या हिशेबात ईशानला जागा नाही, पासपोर्ट असो वा नसो. म्हणून तर तो झेंडा त्यांच्या ताब्यात देऊन मोकळं होऊ नये असं मला वाटतं. २००६ च्या विश्वचषकात साऱ्या जर्मनीनं तो पहिल्यांदा मोकळेपणानं हलवला, तेव्हाही कितीकांना धडकी भरली होती. काही वाईट झालं नाही. तुमच्या बाल्कनीत तो तसाच असू दे.

ट्रामनं विंत्सर्ला भागात जाता येईल. तिथे एका चौकाला एनव्हर शिमशेक यांचं नाव आहे. शिमशेक फुलं विकायचे. मूळचे तुर्कस्तानचे. सप्टेंबर २००० मध्ये न्यूरेंबर्गमध्ये, स्वतःच्या फुलांच्या गाडीशी त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. पोलिसांनी वर्षानुवर्षं त्यांच्या घरच्यांवरच संशय घेतला. २०११ मध्ये उघड झालं की मारेकरी नवनाझी टोळीतले होते, दहा खून त्यांच्या नावावर होते आणि टोळीतले तिघे वाढले होते येनात. २०२० मध्ये येनानं आपल्या चौकाला मारणाऱ्यांच्या गावच्या नात्यानं मेलेल्याचं नाव दिलं. शिमशेक कधी येनाचे रहिवासी नव्हते. तो चौक पाहिला की बुखेनवाल्ड संग्रहालयात बंद झालेलं प्रकरण नाही हे ईशानला कळेल, आणि ज्या गावात तो राहतो त्या गावाबद्दल थोडा आदरही वाटेल. मला वाटतो.

सासऱ्यांकडे येते. त्यांच्यावर चिडू नका. पुण्याच्या फुटपाथवर हिटलरचं आत्मचरित्र पाककृतीच्या पुस्तकाशेजारी मांडलेलं असतं, कडक मास्तरला पोरं सर्रास हिटलर म्हणतात. इंग्रजांशी लढला तो आपला, एवढ्या हिशेबावर कितीतरी घरांत ते नाव चालून गेलं. सुभाषबाबू १९४२ मध्ये त्याला भेटले, त्याचाही आधार घेतला जातो. पण सासऱ्यांचं वाक्य तसंच सोडूही नका. नातवानं अबोला धरलाय तो भाबडेपणानं नव्हे, तो छावणीतलं स्मशानघर पाहून आलाय.

त्यांना दोन-तीन गोष्टी सांगा, वाद न घालता. शिस्त आणि रस्ते म्हणाल, तर कोलोन ते बॉन हा पहिला मोटाररस्ता १९३२ मध्ये, हिटलर सत्तेवर येण्याआधी, कोलोनचे महापौर आडेनावर यांनी खुला केला. नाझींनी नंतर त्याचा दर्जाच कमी करून टाकला, पहिला मान आपल्याला मिळावा म्हणून. देशभक्ती म्हणाल, तर १९ मार्च १९४५ ला, हरणार हे ठरल्यावर, या देशभक्तानं हुकूम काढला की जर्मनीतलेच पूल, कारखाने, वीज, पाणी सगळं उद्ध्वस्त करा. हाताखालच्यांनी तो पुरता पाळला नाही म्हणून लोक वाचले.

आणि आकाशवाणीची ती पहाटेची धून. सासऱ्यांचं सगळं बालपण तिच्यावर गेलं असेल. तंबोऱ्याच्या नादावर व्हायोलिन, मग बातम्या. ती धून वॉल्टर कॉफमन यांच्या नावावर आहे. हे जर्मन बोलणारे ज्यू संगीतकार, कार्ल्सबादचे. हिटलरच्या सावलीतला युरोप सोडून १९३४ मध्ये मुंबईला आले आणि पुढे मुंबई आकाशवाणीवर पाश्चात्त्य संगीताचा विभाग सांभाळला. सासऱ्यांच्या त्या 'देशभक्ता'नं युरोपातून ज्यांना पळवून लावलं त्यांपैकी एकानं आपल्याकडची सकाळ सजवली. ईशानलाच फोनवर ही धून वाजवू द्या आणि ही गोष्ट त्यालाच सांगू द्या. अबोला सुटायला हे निमित्त पुरेल. माफी वगैरेच्या वाटेला जाऊ नका, आपल्याकडचे आजोबा माफी मागत नाहीत, विषय बदलून आंबे पाठवतात.

राहिले आपले स्वच्छ हात. तुमचं आडनाव मला माहीत नाही आणि मी विचारणारही नाही. पण २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी आणि त्यांच्यासोबतच्या माणसांनी चवदार तळ्याचं पाणी प्यायलं, म्हणून त्यांना मारहाण झाली आणि नंतर ते तळं 'शुद्ध' करून घेतलं गेलं, हे ईशानला ठाऊक आहे का? जनावरं प्यायची त्या तळ्यावर. बुखेनवाल्डशी तुलना करायला मी सांगत नाही. दुःखांची अशी मापं काढू नयेत. पण इंडियन म्हणून मान ताठ ठेवायची असेल तर महाडचं शुद्धीकरण करणारेही आपलेच होते हे पचवून ठेवावी लागते. तसं केलं तर बाबासाहेबांचा अभिमान खरा, एरवी फोटोला हार. जर्मनीचा मूलभूत कायदा २३ मे १९४९ चा, आपली घटना स्वीकारली गेली २६ नोव्हेंबर १९४९ ला. एकाच वर्षातली ही दोन कागदपत्रं. त्यांचं पहिलंच कलम माणसाच्या प्रतिष्ठेचं, आपल्या उद्देशिकेतही व्यक्तीची प्रतिष्ठा आहे. दोन्हीकडे ते लिहावं लागलं, कारण आधी ती पायदळी तुडवून झाली होती. एक पासपोर्ट देऊन दुसरा घेताना ईशान बोजातून सुटतही नाही आणि नव्यानं अडकतही नाही.

आता करायचं काय ते. बुखेनवाल्डला पुन्हा एकदा जा, शाळेसोबत नव्हे, तुम्ही तिघं. वायमारहून बस जाते, जेमतेम आठ-दहा किलोमीटर. गटे आणि शिलरच्या पुतळ्यापासून इतकं जवळ. फाटकावरची लोखंडी अक्षरं आतून वाचता येतील अशी बसवलेली आहेत, 'ज्याला त्याचं त्याला' अशा अर्थाची. ती रेखाटली होती फ्रांत्स एर्लिश या कैद्यानं. तो बाउहाउस या आधुनिक कलाशाळेचा विद्यार्थी होता, आणि ज्या बाउहाउसला नाझींनी विकृत ठरवलं त्याच शैलीत त्यानं ती अक्षरं काढली. पहारेकऱ्यांच्या लक्षात आलं नाही. आत हजेरीच्या मैदानात जमिनीत एक पोलादी पत्रा बसवलेला आहे. एप्रिल १९४५ मध्ये सुटका झालेल्या कैद्यांनी मेलेल्या सोबत्यांसाठी तिथे लाकडी खांब उभारला होता, त्याची ही आठवण. पत्र्यावर पन्नासहून जास्त देशांची आणि समूहांची नावं आहेत आणि तो बारा महिने सदतीस अंशांवर ठेवलेला असतो. भोवती बर्फ पडलं तरी त्यावर टिकत नाही. वर्गासोबत गेलेली मुलं एकमेकांच्या लाजेनं तिथे वाकत नाहीत. तुम्ही बसा, हात ठेवा, त्याला बसायचं तर बसू दे.

घरी आल्यावर तो कागद तिघांनी मिळून मराठीत वाचा, एकेक ओळ. त्याच्या बाबांना कठीण जाईल, पण त्यांनीच मोठ्यानं वाचावं. 'आक्रमक युद्ध' आणि 'ज्यूंच्या जीविताचं रक्षण' यावर ईशान प्रश्न विचारेल, आजच्या बातम्यांतले विचारेल. उत्तरं नसतील तर नाहीत म्हणा. मग तुम्ही दोघं सही करा.

एवढं करूनही तो नकोच म्हणाला, तर ओढू नका. तुमच्या अर्जात त्याचं नाव घालायचं की नाही, आणि न घातल्यास त्याच्या भारतीय कागदपत्रांचं काय होतं, हे नागरिकत्वाच्या कचेरीत आणि आपल्या वकिलातीत दोन्हीकडे आधी लेखी विचारून घ्या. सोळा पूर्ण झाली की जर्मन कायद्यानं त्याला स्वतःचा अर्ज स्वतः करता येतो. तेव्हा त्या कागदावर सही त्याची लागेल.